बसलेला हात आणि सुटलेला सराव

महिन्याला दहा बाळंतपणे होणारे एखादे प्राथमिक आरोग्य केंद्र घेऊ. वर्षाला १२० झाली. जन्मणाऱ्या शंभर बाळांपैकी साधारण दहांना पहिला श्वास घेताना थोडीफार मदत लागते. त्यातली बरीचशी बाळे कोरडी पुसून पाठ चोळली की रडतात. पण शंभरातल्या तीन ते सहा बाळांचे तेवढ्याने भागत नाही. त्यांच्या फुप्फुसांत अंबू बॅग आणि मास्कने हवा भरावी लागते. म्हणजे या केंद्रात वर्षाकाठी अशी चार ते सात बाळे येणार. पाळ्या सांभाळणाऱ्या सिस्टर चार असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला वर्षात एखादे, फार तर दोन. बाळाचे डोके बाहेर आल्यावर खांदा अडकण्याचा प्रसंग शंभरात एकापेक्षाही कमी वेळा येतो, त्यामुळे तिच्या वाट्याला तो तीन-चार वर्षांतून एकदा येईल. रक्तदाब वाढून गरोदर बाईला झटके येण्याचा प्रसंग तर तिने नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत पाहिलेलाही नसेल. यातला कुठलाही प्रसंग आधी कळवून येत नाही. तो रात्री तीनला येतो, केंद्रात ती आणि एक मदतनीस एवढीच माणसे असताना. आपण तिच्याकडून अपेक्षा काय करतो? वर्षातून एकदाच करायला मिळणारे काम तिने रोज करत असल्यासारखे करावे. बाळंतपण करणाऱ्यांच्या सेवेतल्या प्रशिक्षणाचा सगळा प्रश्न या एका अपेक्षेत आहे, आणि आपली प्रशिक्षणाची व्यवस्था मात्र हा प्रश्न नसल्यासारखी चालते.

हे काम दिसते त्यापेक्षा नाजूक आहे. न रडणाऱ्या बाळाला जन्मानंतर पहिल्या मिनिटात हवा मिळायला हवी. या मिनिटाला प्रशिक्षणात सुवर्ण मिनिट म्हणतात. त्या मिनिटात बाळ पुसायचे, ओले फडके बाजूला करायचे, पाठ चोळून पाहायची, मग बाळ सरळ ठेवून मान जराशी, अगदी जराशीच मागे करायची. मान जास्त मागे गेली तरी श्वासमार्ग बंद होतो आणि पुढे झुकली तरी होतो. मास्क आधी हनुवटीवर टेकवून मग नाकावर आणायचा, डोळ्यांवर येऊ द्यायचा नाही. अंगठा आणि पहिल्या बोटाने मास्क दाबून धरायचा, उरलेल्या बोटांनी जबडा वर उचलायचा आणि मिनिटाला ४० ते ६० या गतीने बॅग दाबायची. एवढे करूनही छाती वर येत नसेल, तर हवा मास्कच्या कडेने निसटते आहे, मान चुकली आहे, की तोंडात काही अडकले आहे, हे काही सेकंदांत ओळखून दुरुस्त करायचे. यातली एकेक पायरी परीक्षेच्या पेपरात कोणतीही परिचारिका बिनचूक लिहील. पण छाती हलत नसताना नजर बोटांकडे न जाता छातीवर राहणे आणि बोटांनी आपोआप मास्कची पकड बदलणे, ही वहीतली गोष्ट राहत नाही. ती हातात मुरावी लागते, आणि जे हातात मुरते ते वापरले नाही तर उतरतेही.

हे किती खरे आहे, ते टांझानियातल्या हायडोम या ग्रामीण भागातल्या रुग्णालयाने फार प्रामाणिकपणे दाखवून दिले. तिथे बाळंतपण करणाऱ्यांना नवजात बाळाला श्वास देण्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण देण्यात आले. कित्येक महिन्यांनी बाहुलीवर परीक्षा घेतली तेव्हा सगळ्यांची कामगिरी आधीपेक्षा स्पष्ट सुधारलेली होती. इथवरचे निकाल कोणत्याही अहवालात अभिमानाने छापता आले असते. पण संशोधक प्रसूतिकक्षात खऱ्या बाळांपाशी काय होते हेही टिपत होते, आणि तिथे काहीच बदलले नव्हते. ज्या बाळांना हवा देण्याची गरज होती त्यांना ती वेळेवर मिळण्याचे प्रमाण वाढले नव्हते, पहिल्या २४ तासांतले मृत्यूही कमी झाले नव्हते. २०१३ साली त्यांनी हे जसेच्या तसे प्रसिद्ध केले. मग पद्धत बदलली. बाहुली प्रसूतिकक्षाच्या बाजूलाच ठेवली, प्रत्येकीने आठवड्यातून एकदा तीन-पाच मिनिटे तिच्यावर हात चालवायचा आणि अधूनमधून सुमारे ४० मिनिटांची उजळणी करायची असे ठरले. अभ्यासक्रम तोच, माणसेही बहुतांशी तीच. पुढच्या वर्षभरात पहिल्या २४ तासांतले मृत्यू हजार जन्मांमागे ११.१ वरून ७.२ वर आले. एकाच रुग्णालयाचा आधी-नंतरचा हा अभ्यास असल्याने सगळे श्रेय सरावालाच देता येणार नाही, हे मान्य करायला हवे. तरी एक दिवस भरपूर शिकवणे आणि दर आठवड्याला थोडे थोडे करून घेणे, या दोहोंतला फरक इतक्या उघडपणे दाखवणारे उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या साउथमीड रुग्णालयाने हेच खांदा अडकण्याच्या बाबतीत दाखवले. तिथे प्रसूतिकक्षातल्या सगळ्यांना, सुईणींना आणि डॉक्टरांना एकत्र, दरवर्षी, त्यांच्याच इमारतीत, त्यांच्याच साधनांवर सराव देण्यात आला. आधी खांदा अडकलेल्या बाळांपैकी ९.३ टक्के बाळांना हाताच्या मज्जातंतूंना किंवा हाडांना इजा होत असे. सरावानंतर हे प्रमाण २.३ टक्क्यांवर आले. बारा वर्षांनी पुन्हा आढावा घेतला, तेव्हा कायमची इजा झालेले एकही बाळ नोंदले गेले नव्हते. या निकालातला ‘दरवर्षी’ हा शब्द आणि ‘त्यांच्याच इमारतीत’ हे शब्द मला आकड्यांइतकेच महत्त्वाचे वाटतात. बाहेरगावच्या सभागृहात शिकून आलेल्या एकट्या परिचारिकेला आपल्या केंद्रात परतल्यावर पहिली अडचण येते ती औषध कोणत्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, याची. सराव जागेवर झाला तर हे सगळे सरावातच उघडे पडते. ऑक्सिजनचा पाना हरवलेला आहे, मास्क फक्त मोठ्या मापाचा आहे, मदतनिसाला डॉक्टरांचा नंबर माहीत नाही, हे रक्तस्राव सुरू असताना कळण्यापेक्षा मंगळवारी दुपारी बाहुलीसमोर कळलेले बरे.

आपल्याकडे या कामाचा भार मुख्यतः एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, आणि स्टाफ नर्स यांच्यावर आहे, आणि त्यांच्या शिक्षणाचा इतिहास या कामाला फारसा अनुकूल राहिलेला नाही. आरोग्यसेविकेचा अभ्यासक्रम सुरुवातीला दोन वर्षांचा होता आणि त्यात बाळंतपणाला मोठे स्थान होते. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तिला बहुउद्देशीय कर्मचारी करण्यात आले. हिवताप, कुटुंबनियोजन, लसीकरण सगळे तिच्याकडे आले, अभ्यासक्रम १८ महिन्यांवर आला आणि प्रसूतीचा सराव आक्रसला. तो पुन्हा दोन वर्षांचा व्हायला २०१२ साल उजाडले. दरम्यान २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे मिळू लागले आणि देशातले संस्थात्मक प्रसूतीचे प्रमाण २००५-०६ मधल्या सुमारे ३९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८९ टक्क्यांच्या घरात गेले. बायका दवाखान्यात आल्या. दवाखान्यातल्या हातांची तयारी त्याच वेगाने वाढली का? मध्य प्रदेशात या योजनेखाली बाळंतपणे करणाऱ्या २३३ जणांना तातडीच्या प्रसंगांची काल्पनिक उदाहरणे देऊन त्या वेळी काय कराल, असे विचारण्यात आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २० पैकी सरासरी गुण मिळाले ५.४. तीन-चतुर्थांश जण ३५ टक्क्यांच्याही खाली राहिले. हे गुण त्या परिचारिकांचे आहेत असे मला वाटत नाही. ज्या व्यवस्थेने त्यांना एकदा शिकवून मग वर्षानुवर्षे रजिस्टरांच्या हवाली केले, तिचे ते गुण आहेत.

सरकारने प्रशिक्षणे दिलीच नाहीत असे नाही. कुशल प्रसूतिसेविकेसाठी २१ दिवसांचे प्रशिक्षण सुरू झाले. त्याच्या मार्गदर्शक सूचनांनी आरोग्यसेविकेला ऑक्सिटोसिन देण्याची आणि झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवण्याची मुभा दिली, आणि हा मोठा बदल होता. २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम, २०१५ मध्ये ‘दक्षता’, २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ आले. हेतू चांगले होते आणि साहित्यही चांगले होते. पण बहुतेक प्रशिक्षणांची घडण एकच: यादीतून नाव निघते, जिल्ह्याच्या ठिकाणी काही दिवस जायचे, आधीची चाचणी, नंतरची चाचणी, प्रमाणपत्र. मग नाव ‘प्रशिक्षित’ या रकान्यात जाते आणि तिथेच राहते. मॅग्नेशियम सल्फेटचेच पाहा. प्रत्येकी एक ग्रॅमच्या दहा कुप्या फोडायच्या, पाच एका नितंबात आणि पाच दुसऱ्यात, खोल स्नायूत द्यायच्या. समोर बाई आचके देते आहे, नातेवाईक ओरडताहेत, आणि इंजेक्शनचे एवढे मोठे प्रमाण पाहूनच हात कचरतो. तीन वर्षांपूर्वीचे प्रमाणपत्र अशा वेळी हाताला धीर देत नाही. या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीतून सिद्ध झाले आहे. औषध ठाऊक आहे, कपाटात आहे आणि तरी दिले जात नाही, असे घडते तेव्हा उणीव माहितीची नसते.

यावर पहिला आक्षेप अनुभवी मंडळींचा असतो. वीस-वीस वर्षे बाळंतपणे केलेल्या सिस्टरला काय शिकवणार? हा आक्षेप मी आदराने घेतो, कारण नैसर्गिक प्रसूतीत धीर धरणे, बाईला बोलते ठेवणे, कळांची चाल ओळखणे हे अनुभवाखेरीज येत नाही. पण अनुभव शिकवतो ते वरचेवर घडणारे. क्वचित घडणारे तो शिकवू शकत नाही, कारण ते घडतच नाही. आणि अनुभव जुनेही पक्के करतो. १९९० च्या दशकात शिकलेल्या परिचारिकेला नाळ लगेच कापायला शिकवले गेले. आता बाळ ठीक असेल तर किमान एक मिनिट थांबायचे असते. तिला प्रत्येक बाळाचे तोंड-नाक नळीने ओढून साफ करायला शिकवले. आता सरसकट तसे करू नये असे सांगितले जाते. पहिलटकरणीला टाका हवाच, अशी तिची शिकवण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी सरसकट चीर देण्याच्या विरोधात आहेत आणि पोट वरून दाबण्याच्याही. गर्भाशयाचे तोंड चार सेंटिमीटर उघडले की वेगाच्या कळांचा टप्पा सुरू, असे तिने पाठ केले. २०२० मध्ये आलेला प्रसूती देखरेखीचा नवा तक्ता पाच सेंटिमीटरपासून मोजतो. यातली एकही गोष्ट ती निष्काळजीपणाने करत नाही. तिला जे निष्ठेने शिकवले गेले तेच ती निष्ठेने करते, आणि तिला कोणी येऊन नवे सांगितले नाही तर आणखी वीस वर्षे करेल.

दुसरा आक्षेप म्हणजे, अवघड वाटले की १०८ बोलावून पुढे पाठवावे, खालच्या केंद्रात हा खटाटोप कशाला? पुढे पाठवणे हेही कौशल्यच आहे आणि योग्य वेळी पाठवणारी सिस्टर जीव वाचवते. पण श्वास न घेणाऱ्या बाळाकडे ॲम्ब्युलन्सइतका वेळ नसतो, त्याच्याकडे मिनिटे असतात. बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव दोन तासांत बाईचा जीव घेऊ शकतो, आणि मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या पावसाळी रस्त्यावर दोन तास म्हणजे काहीच नाही. गाडी येईपर्यंतचे काम कोणाला तरी करावेच लागते. याच आक्षेपाचे एक सौम्य रूप महाराष्ट्रात ऐकू येते: आपल्याकडे मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० च्या पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७, मग चिंता कशाची? मला यातून उलट निष्कर्ष दिसतो. गंभीर प्रसंग जसजसे विरळ होतात, तसतसा एकेकीच्या वाट्याला येणारा प्रत्यक्ष सराव घटतो, आणि तो भरून काढण्याची गरज वाढते. म्हणून कमी बाळंतपणांची केंद्रे प्रशिक्षणाच्या यादीत शेवटी नकोत, पहिल्या काही नावांत हवीत.

तिसरा आक्षेप सर्वांत भक्कम आहे आणि तो पुराव्यातूनच येतो. उत्तर प्रदेशात २०१४ ते २०१६ या काळात १२० आरोग्य संस्थांत एक मोठी चाचणी झाली. सुरक्षित प्रसूतीची तपासणी-यादी दिली आणि आठ महिने अनुभवी परिचारिकांनी प्रसूतिकक्षात येऊन शेजारी उभे राहून मार्गदर्शन केले. दीड लाखांहून अधिक जन्म नोंदले गेले. मार्गदर्शन सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी आवश्यक कृती पार पाडण्याचे प्रमाण ७२.८ टक्के झाले, इतर ठिकाणी ते ४१.७ होते. पण माता आणि बाळांचे मृत्यू व गंभीर गुंतागुंती यांत काही फरक पडला नाही. मग मी इतका वेळ ज्याची बाजू मांडतो आहे ते निष्फळ का? त्याच चाचणीतला दुसरा आकडा पाहायला हवा: मार्गदर्शन थांबल्यानंतर, सुरुवातीपासून बाराव्या महिन्याच्या टप्प्यावर, कृतींचे प्रमाण ६१.७ टक्क्यांवर उतरले होते. म्हणजे सराव सुटताच घसरण सुरू झाली. पण एवढ्याने आक्षेप संपत नाही, आणि संपतो असे म्हणणे खोटेपणाचे होईल. हात तयार असून रक्त नसेल, शस्त्रक्रियेची सोय नसेल, वरचे रुग्णालय दारातून परत पाठवत असेल, तर कितीही सराव अपुरा पडतो. प्रशिक्षण हे बाकी सगळ्याची जागा घेणारे औषध नाही. त्याच्या जोडीला साधन मिळाले की काय होते, ते केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांच्या चाचणीत २०२३ मध्ये दिसले. डोळ्यांनी रक्ताचा अंदाज घेण्याऐवजी मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी बाईखाली अंथरायची, ठरलेल्या खुणेपर्यंत रक्त आले की मसाज, औषधे, सलाइन, तपासणी हे सगळे एकामागून एक न करता एकदमच सुरू करायचे, आणि याचा सराव जागेवरच करून घ्यायचा. रक्तस्राव वेळीच ओळखला जाण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ झाले आणि गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले.

म्हणून प्रशिक्षणाची गरज ठरवतानाच दोन प्रश्न एकत्र विचारायला हवेत. ब्रिटनमध्ये तयार झालेली हेनेसी-हिक्स नावाची एक प्रश्नावली आहे. इंडोनेशियातल्या परिचारिका आणि सुईणींच्या गरजा शोधायला ती वापरली गेली. तिच्यात प्रत्येक कामाबद्दल आधी ‘हे तुमच्या कामात किती महत्त्वाचे’ आणि मग ‘तुम्ही सध्या ते किती चांगले करता’ असे विचारतात. दोहोंतले अंतर म्हणजे गरज. पण तिचा खरा उपयोग पुढच्या प्रश्नात आहे: हे अंतर शिकवून भरेल, की कामाची व्यवस्था बदलून? आरोग्यसेविकेला हा प्रश्न कोणी विचारला, तर ती पहिल्यांदा कदाचित प्रशिक्षण मागणार नाही. ती म्हणेल, रात्रीच्या पाळीला दुसरी सिस्टर द्या, ऑनलाइन नोंदींचे ओझे कमी करा. हे उत्तर ऐकून घेतल्याशिवाय तिच्यासाठी अभ्यासक्रम आखणे चुकीचे आहे.

मनुष्यबळाच्या तुटवड्याचा मुद्दाही इथेच येतो. माणसे अपुरी असताना प्रशिक्षणाला पाठवणार कशी, असे वैद्यकीय अधिकारी विचारतात, आणि २१ दिवसांच्या बाबतीत ते बरोबर असतात. आठवड्याच्या पाच मिनिटांच्या बाबतीत नसतात. मोबाइलवरचे व्हिडिओ आणि ऑनलाइन वर्ग नवी माहिती पोचवायला उत्तम आहेत, पण मास्कची पकड पडद्यावर शिकता येत नाही. आणि शिक्षण कमी असलेल्यांना हे जमणार नाही, अशी शंका असेल तर उत्तर महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत केले, घरच्या बाळंतपणात गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला शिकवले. गुदमरण्यामुळे होणारे मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी झाले. त्या कार्यक्रमात शिकवणे एकदा होऊन संपले नव्हते. उजळणी आणि गावात येऊन केलेली देखरेख वर्षानुवर्षे चालू राहिली.

नियमांच्या बाजूने पाहिले तर आता संधी आहे. भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांच्या निरंतर शिक्षणाची अपेक्षा ठेवली. २०२३ च्या कायद्याने परिचर्या आणि प्रसूतिविद्येसाठी नवा राष्ट्रीय आयोग ठरवला. ब्रिटनमध्ये २०१६ पासून दर तीन वर्षांना ३५ तासांचे शिक्षण लागते, पण त्याबरोबर प्रत्यक्ष कामाचे ४५० तास आणि आपल्या कामावर लिहिलेली पाच टिपणेही लागतात. आपल्याकडे तास मोजले जातील, हे नक्की. प्रश्न आहे तो सभागृहात बसून काढलेला तास आणि स्वतःच्या प्रसूतिकक्षात बाहुलीवर घालवलेला तास यांना एकच वजन द्यायचे का, हा. मला वाटते देऊ नये. जागेवरच्या सरावाला जास्त गुण असावेत. तो सहकारी सिस्टरने नोंदवलेला चालावा, आणि प्रत्येक प्रसूतिकक्षासाठी एक बाहुली, योग्य मापांचे मास्क आणि सराव घेणारी एक जबाबदार परिचारिका नेमलेली असावी. तिच्या त्या कामाचा वेळ ड्यूटीत धरलेला असावा. सरावात चुकलेली सिस्टर कारवाईला पात्र नाही, हे लेखी असावे, नाहीतर चूक लपवली जाईल आणि बाहुली कपाटात जाईल. ‘लक्ष्य’च्या सूचना सांगतात की प्रसूतिकक्षातल्या प्रशिक्षित परिचारिकांना फिरत्या पाळीने इतर वॉर्डांत पाठवू नये. तरीही प्रशिक्षण घेऊन आलेली सिस्टर महिन्याभरात बाह्यरुग्ण विभागात बसलेली आढळते, आणि तिच्या जागी उभी असलेली दुसरी सिस्टर कागदोपत्री अजून यादीत आपल्या नावाची वाट पाहत असते. ही बदली थांबवायला नव्या निधीची गरज नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांची सही पुरेशी आहे.